बाजार सोमवारी, आज गुरुवार, सैपाकाला काय करू?

चिठ्ठी आली ती अशी:

"मावशी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान खेड्यातली. घरात आम्ही सहा जण, सासू-सासरे, आम्ही दोघं न दोन पोट्टे. सध्या कापूस वेचणी सुरू आहे, सकाळी नवाला वावरात जाते ते सहा वाजता घरी येते. आल्याबरोबर सगळे विचारतात आज काय? मला सैपाकाचा कंटाळा नाही पण काय करू हे ठरवायचा लय कंटाळा येते. आमचा बाजार सोमवारी, बुधवारपर्यंत भाजी संपते, गुरुवारी घरात कांदे, दोन वांगे, दाळी न बेसन एवढंच राहते. मोठ्या पोराला भाकर नको, लहानीला खिचडी नको, सासऱ्यांचे दात गेले त्यांना पोळी चावत नाही. सासूबाई म्हणतात आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. रोज पाच जणांचं कोरड्यास (भाकरीसोबतची दाळ-भाजी) टाकते त्यात एकाचं तरी तोंड वाकडं असतेच. मी शेवटी जेवते, उरलं तर उरलं नाहीतर ठेचा आहेच. आणखी एक, रेशनच्या तांदळात वेगळे दाणे निघतात ते सासूबाई निवडून फेकतात, ते प्लास्टिकचे असतात का? आज गुरुवार आहे, काय करू सांगा."

पोरी, आधी आजचं सांगते, बाकीचं मग बोलू.

आज दाळकांदा कर. चण्याची दाळ दीड वाटी घे, एक नाही दीड, का ते खाली सांगते. सकाळी वावरात जायच्या आधी भिजत टाकली असती तर उत्तमच, पण तू हे संध्याकाळी वाचत असशील तर कढत पाण्यात टाक न झाकून ठेव, तोवर हातपाय धू, चहा घे, भाकरीचं पीठ काढ. पाऊण तासानं दाळ बोटानं दाबली की मोडायला लागते. मग लोखंडी कढई ठेव, तेल जरा हात मोकळा सोडून टाक कारण या भाजीला तेल लागतेच, मोहरी जिरं तडतडलं की चार कांदे उभे चिरून टाक. कांदा नुसता पांढरा ठेवायचा नाही, चांगला लालसर होऊ दे, यातच सगळी चव आहे. मग ठेचलेला लसण, हळद, तिखट, घरचा काळा मसाला असेल तर तो, न वरून दाळ. गरम पाणी दाळीच्या वर बोटभर. झाकण ठेवून शिजू दे. दिवसभर भिजलेली दाळ असली तर वीस मिनिटात होते, आजच्यासारखी घाईची असली तर कुकरात फोडणी दे न तीन शिट्ट्या कर. दाणा अख्खा दिसला पाहिजे पण चिमटीत धरला की पीठ झाला पाहिजे. मीठ शेवटी. टमाटं किंवा चिंच टाकायची तर तीही दाळ शिजल्यावरच, आधी आंबट पडलं की दाळ तशीच टणक राहते, कितीही जाळ घाला. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर दाळ आणखीच हट्ट करते, जड पाण्याचा तो गुणच आहे, म्हणून भिजवणं सोडायचं नाही. खाली उतरवल्यावर सांबार (म्हणजे कोथिंबीर) न लिंबू.

हे झालं आजचं. भाकर, दाळकांदा, कच्चा कांदा. बस. वरण-भात-भाजी-पोळी असं चार भांड्यांचं जेवण दोन्ही टाइम झालं पाहिजे हे कोणी ठरवलं मला ठाऊक नाही पण ज्यानं ठरवलं तो दिवसभर कापूस वेचून आलेला नव्हता एवढं नक्की. वेचणीच्या दिवसात रात्री एक कोरड्यास न भाकर हे पूर्ण जेवण आहे. ज्वारी न दाळ एकत्र पोटात गेली की एकीत जे कमी ते दुसरीत असते, चण्याची दाळ असो तुरीची असो, शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असते. तेव्हा भाजी नाही म्हणजे काहीच नाही असं मनातून काढून टाक. आपल्या भागात बिनाभाजीचे जेवढे पदार्थ आहेत तेवढे मला नाही वाटत दुसरीकडं कुठं असतील, पातोडी, कढीगोळे, गोळाभात, फुणके, मुंगवड्या, बेसन, हे सगळं आपल्या आज्यांनी बाजार लांब होता म्हणूनच उभं केलं. गुरुवारसाठीच केलंय ते.

आता तुझं खरं दुखणं. तू लिहिलं ना की सैपाकाचा कंटाळा नाही, ठरवायचा आहे, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर ओळखलंस तू. सहा वाजता दारात पाय ठेवताना हातात काहीच ठरलेलं नसते, अंधार पडलेला, लाइन असेल नसेल, पोट्टे भुकेजलेले, न त्या वेळी डोकं चालवायचं, कसं चालणार? म्हणून संध्याकाळचं सकाळीच ठरवायचं, चूल पेटवतानाच. माझी माय पहाटे चुलीपुढं बसली की पहिला चहा उकळेपर्यंत तिचं रात्रीचं ठरलेलं असायचं, आणि ठरलं की लगेच काहीतरी भिजत पडायचं. भिजत पडलं म्हणजे ठरलं, मग दिवसभर तो विषय डोक्यात नाही. थंडीच्या दिवसात दाळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात राहिली तरी काही होत नाही. उन्हाळ्यात मात्र असं करू नको, आंबते, तेव्हा सासूबाईंना सांगायचं दुपारून टाका.

आणि ठरवायचं ते बाजाराच्या हिशोबानं. सोमवारी बाजार केला की मेथी पालक सांबार हे त्या रात्री न मंगळवारी संपवायचं, ते थांबतच नाही. मेथी धुवून ठेवायची नाही, कोरडी खुडून सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की मंगळवारी ताजीच. पालक असला की दाळभाजी कर, लग्नात करतात ना तशी, तुरीची दाळ थोडी चण्याची दाळ न मूठभर शेंगदाणे भिजवून, लसणाची लाल फोडणी वरून. बुधवारी फुलकोबी, पोपटीच्या शेंगा असं मधलं. वांगे, पत्ताकोबी, आलू न कोहळं हे मुद्दाम मागं ठेवायचं, कोहळं अख्खं आणलं तर महिनाभरही काही होत नाही. तुझी बुधवारी भाजी संपते ते मला वाटते तू आवडीनं आधी आलू-वांगे करून टाकते न मेथी पिवळी पडली की फेकते, पाहा बरं असं होते का. गुरुवारपासून मग दाळी न बेसन. शनिवारी-रविवारी एक दिवस कढीगोळे नाहीतर गोळाभात असं जरा निवांत.

कढीगोळ्याचं सांगून ठेवते कारण पुष्कळ जणींचे गोळे कढीत फुटतात न मग त्या करायचंच सोडतात. चण्याची दाळ भिजवून जाडसर वाटायची, पाणी न घालता, त्यात लसण मिरच्या जिरं मीठ सांबार. कढी खळखळ उकळत असताना एकच गोळा आधी सोडून पाहायचा, तो टिकला तर बाकीचे सोडायचे, फुटला तर वाटणात दोन चमचे बेसन मिसळायचं. सोडल्यावर सराटा अजिबात घालायचा नाही, पाच-सात मिनिटं त्यांच्या मनानं शिजू द्यायचे, वर तरंगले की मग हलवलं तरी चालते. आणि मिक्सरच्या भरवशावर राहू नको, लाइन नेमकी वाटायच्या टायमाला जाते, पाट्यावर वाटलेल्याचे गोळे तसेही जास्त चांगले बसतात.

बेसन तर तुला येतेच. फक्त एक कर, एक वाटी बेसन आधी ताकात नाहीतर थंड पाण्यात कालवून घे न मग फोडणीत ओत, गुठळ्या होत नाहीत, ढवळत बसायला लागत नाही. एकूण पाणी तिप्पट धर. न तिखट लालच टाक, वेचणीच्या दिवसात हे महत्त्वाचं आहे कारण बोंडाची सुकी टोकं बोटांत घुसून घुसून नखाजवळ चिरा पडलेल्या असतात, मला माहीत आहे ते, त्या हातानं हिरव्या मिरच्या कुटल्या की रात्रभर आग होते, झोप येत नाही. तेव्हा या दोन महिन्यात ठेचा सासूबाईंना करू दे, नाहीतर लाल तिखटावर भागव. झोपताना बोटांना जवसाचं नाहीतर कुठलंही तेल लाव.

पोराचं भाकर नको. मोठा किती वर्षांचा ते लिहिलं नाहीस पण मला आधी हे सांग की ज्वारी एकदम किती दळून आणता? महिन्याचं पीठ एकदाच आणलं तर ते पंधरा दिवसात कडवटायला लागते न भाकर थापताना कडा चिरतात, मोठ्यांना सवय होते, लेकरांच्या जिभेला ते लगेच कळते. आठ दिवसांचंच दळून आण. पाणी उकळतं घे, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसते म्हणून ते उकळतं पाणीच तिला धरून ठेवते. आणि पहिली भाकर तव्यावरून उतरली की त्याला चुलीजवळच बसवून दे, वर तेल-तिखट-मीठ लावून. गरम भाकर न खाणारं पोट्टं मी कमी पाहिलं, नकोशी होते ती गार झालेली. एवढं करून नाहीच खाल्ली तर भांडू नको, पण त्याच्या एकट्यासाठी रोज वेगळी कणीक मळायची नाही. आठवड्यातून दोन दिवस वरणफळं कर, गव्हाचं त्याच्या पोटात जाते न तुझं एका गंजात (पातेल्यात) काम होते. कणीक घट्ट मळ, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे काप, उकळत्या पातळ वरणात सोड, वरून लसण न सुक्या मिरचीची फोडणी. पातळ ठेवायचं बरं का, ते तुकडे पाणी पितात, दहा मिनिटात घट्ट गोळा होतो.

लहानीचं खिचडी नको हे तर मला लगेच कळलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असेल ना? दुपारी शाळेत तेच असते, खिचडी नाहीतर भाताचं दुसरं काही, मग रात्री घरी येऊन परत तेच ताटात पाहिलं की तिचं तोंड उतरणारच. ते नखरे नाहीत. शाळा असते त्या रात्री भात कमी न भाकर-पोळी जास्त, खिचडी रविवारसाठी ठेव, मग पाहा मागून खाते. तिखटाचं म्हणशील तर कोरड्यास शिजलं की तिच्यापुरतं वाटीभर आधी काढून घ्यायचं न मग बाकीच्यात तिखटाची फोडणी वरून ओतायची, भांडं एकच राहते.

सासऱ्यांना दाळकांदा चालेल, त्यांच्या वाटीतला पळीनं घोटून दे, भाकर त्यातच कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेव. रोज भाकर कुस्करून कंटाळले असतील तर ज्वारीच्या कण्या कर, चक्कीवर एक पायली ज्वारी भरडून आणून ठेव, सकाळी वाटीभर भिजत टाकायच्या, रात्री चौपट पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायच्या न ताक घालून द्यायच्या. जुन्या माणसांना कण्या दिसल्या की बोलायला लागतात, त्यांच्या लहानपणी काय होतं काय नव्हतं. ऐकून घे, त्यात एखादा पदार्थ सापडते.

सासूबाईंचं. "आम्ही कधी विचारलं नाही" हे त्या खरं सांगत आहेत न ते ऐकून तुला लागलं हेही खरं. मी त्यांच्या बाजूनं पण थोडं पाहते, त्यांना विचारायला कोणी नव्हतंच, म्हणून नाही विचारलं. आता तू विचार. पण काय करू असं नको विचारू, त्याचं उत्तर कर काहीही असंच येते. "आई, गुरुवार तुम्ही सांभाळाल का, मुंगवड्यांची भाजी तुमच्यासारखी माझी होत नाही", असं म्हण, न खोटं म्हणू नको, खरंच त्यांच्याकडून शीक. उन्हाळ्यात केलेल्या मुंगवड्या डब्यात पडून असतील, तेलात लालसर परतून आलू-वांग्यात टाकल्या की घट्ट रस्सा होते. तब्येत चांगली असेल न दिवसभर घरीच असतील तर दुपारी दाळ भिजवणं, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) चुलीजवळ आणून ठेवणं, सहा वाजता आधण ठेवणं एवढं त्यांना जमेल. नसेल जमत तर ते मोठ्या पोराला जमते.

आणि जावई? तुझ्या चिठ्ठीत सासू आहे, सासरे आहेत, पोट्टे आहेत, नवऱ्याबद्दल एक शब्द नाही. तोही त्याच वावरातून त्याच वेळी येते ना? मग दारात आल्यावर तोही विचारणाऱ्यात आहे का ठरवणाऱ्यात? त्याला शांतपणे सांग की आठवड्यातले तीन दिवस तू ठरवायचं, सकाळी चहा पितानाच, न भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलनं लिहायचं. दाळकांदा. वरणफळं. बेसन. लिहिलेलं असलं की संध्याकाळी कोणी तुला विचारणार नाही, वाचून घेतील. आणि त्यानं ठरवलेलं कधी चुकीचं असलं, म्हणजे घरात नाहीच असं काही लिहिलं, तरी तू गुपचूप बदलू नको, त्याला दाखव डबा रिकामा आहे म्हणून, म्हणजे पुढच्या वेळी आधी डबे पाहून लिहील. कांदा चिरायला, लसण सोलायला हात लागतात, त्याला दोन आहेत.

वावरातून येताना काय आणता येते तेही पाहा. तुरीच्या शेंगा आता भरायला लागतील, ओले सोले निघाले की सोलेभात, सोले-वांगे, आठवड्याचा प्रश्न मिटते. हरबरा महिन्याचा झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडता येतात, खुडल्यानं झाड फुटतेच, नुकसान नाही. बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ न कच्चं तेल टाकून घोळाना केला की गॅसही लागत नाही न चूलही. पण फवारणी झालेल्या वावरातलं काही म्हणजे काही आणू नको. तुमच्याच जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते तुमच्याकडं कोणी विसरलं नसेल. तुरीला फुलोऱ्यात न शेंगा भरताना अळीसाठी फवारतात, नेमकं तेव्हाच आपल्याला त्या खाव्याशा वाटतात. म्हणून बांधाच्या कडेचं, वाऱ्याच्या उलट्या बाजूचं एखादं तास (झाडांची ओळ) घरी खायला वेगळं ठेवा, त्यावर पंप फिरवायचाच नाही, हे जावयाला पेरणीच्या टायमालाच सांगून ठेव. आणि वावरातून आल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही.

तांदळातल्या दाण्याचं. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड न बी-१२ मिसळून मशीननं दाण्यासारखे पाडतात, न शंभर किलो तांदळात एक किलो असे मिसळतात. म्हणून ते जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यात काही वर तरंगतात, सासूबाईंना शंका येणं साहजिक आहे. त्यांना सांग की शिजवून पाहा, भातात भात होऊन जातात. फेकू देऊ नको, कारण घरात त्याची सगळ्यात जास्त गरज तुला आहे. फक्त घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घे, आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे.

आता दीड वाटीचं.

तू चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिलंस की घरात आम्ही सहा जण. आणि खाली लिहिलंस रोज पाच जणांचं कोरड्यास टाकते. पोरी, सहावी कोण? मी हे वाचून चिठ्ठी बाजूला ठेवली न थोडा वेळ काही लिहिलंच नाही. तू चुकून लिहिलं नाहीस ते, तू खरंच तसंच टाकतेस, दाळ मोजताना तुझा हातच पाचवर थांबते. मग उरलं तर उरलं.

मला हे कुठून माहीत तर मीही तेच करायची. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. नर्सबाई होत्या, त्यांनी विचारलं काय जेवते? मी सांगायला लागले, सोमवारी पालकाची दाळभाजी, मंगळवारी मेथी, बुधवारी वरण, सगळं घडाघडा सांगितलं. त्या म्हणाल्या केलं ते नको सांगू बाई, खाल्लं ते सांग. आणि मला आठवेचना. खरंच आठवेना, मी त्या दाळभाजीतलं खाल्लं होतं का तळाची फोडणी पुसून भाकर खाल्ली होती. पुढं गोळ्या घेतल्या, सुई घेतली, बाळंतपण नीट झालं, पण त्या बाईंचा प्रश्न मी तेव्हापासून रोज रात्री स्वतःला विचारते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य सर्व्हेत आलं ते. त्यात तुझ्यासारख्या किती असतील ज्या रोज दाळ शिजवतात.

तेव्हा आजपासून असं कर. कोरड्यास उतरवलं की पहिली वाटी तुझी भर न झाकून बाजूला ठेव, लहानीची काढतेस ना त्याच वेळी. कोणाला सांगायची गरज नाही, विचारलं तर सरळ सांग माझी आहे. आधी जेवायचं जमत नसेल तर राहू दे, तुमच्या घरची जी रीत असेल ती असू दे, पण सगळ्यांसोबत एका वेळी बसता आलं तर फार बरं, पाचवी भाकर तव्यावरून उतरली की जावयाला म्हण शेवटच्या दोन तुम्ही शेकून घ्या, मी वाढून घेते. दाळीवर लिंबू पिळूनच खा, त्यानं दाळीतलं लोह अंगी लागते, आणि जेवल्यावर लगेच चहा घेत असशील तर तासभर मागं टाक, चहा ते लोह अडवून ठेवते. लोखंडी कढई म्हटलं ते यासाठीच, फक्त शिजल्यावर भाजी तिच्यात ठेवायची नाही, दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची. आणि वेचणी संपली की आरोग्य केंद्रात जाऊन एकदा रक्त तपासून ये, चक्कर येत असेल, जिना चढल्यासारखा दम लागत असेल तर वेचणी संपायची वाट नको पाहू.

दोन वांगे राहिले आहेत ना तुझे, ते आज नको घालू कशात. दाळकांदा उतरवला की त्यांना तेलाचा हात लावून चुलीच्या आरात ठेवून दे, झोपायच्या आधी काढून घे, सकाळी भरीत होते, लसणाची फोडणी, कच्चा कांदा, सांबार. डब्यात भाकरीसोबत ते घेऊन वावरात जा, दोघांना पुरते.

आणि शुक्रवारच्या सैपाकासाठी तुरीची दाळ आजच मोजून वाटीत काढून ठेव. सहा जणांची.